स्पेलच्या नियमातून दोन अर्थ निघत असतील तर डीएमने काय करायचं

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम, पहिल्यांदा डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणून चालवायला घेतलं की आपण मॉन्स्टर, नकाशे, एनपीसींचे (डीएमने चालवायच्या बाकीच्या पात्रांचे) आवाज अशी सगळी तयारी करून बसतो, आणि गाडी अडते ती मात्र स्पेलवर, म्हणजे कॅरेक्टरच्या जादूवर. विझार्ड म्हणतो मी दारात ग्रीस टाकली, म्हणजे जमीन निसरडी करणारा स्पेल, पुढच्याच टर्नला सॉर्सरर म्हणतो मग मी त्यावर फायर बोल्ट मारतो, पेटलं ना सगळं? आणि अख्खं टेबल तुमच्या तोंडाकडे बघत बसतं. पुस्तक उघडावं तर २०१४ च्या पुस्तकात ग्रीस पेटते असंही लिहिलेलं नाही आणि पेटत नाही असंही नाही. आता बोला.

हे होणारच, तुमची तयारी कमी पडली म्हणून नाही होत. १९७४ ला गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा गेम काढला तेव्हापासून याची मजाच ही आहे की प्लेअर काहीही करून बघू शकतो, आणि स्पेलचं वर्णन मात्र पाच-दहा ओळींचं, त्या ओळी लिहिणाऱ्याने तुमच्या टेबलवरचं ते दार, तो गोब्लिन, कोपऱ्यातली ती दारूची पिंपं यातलं काहीच बघितलेलं नसतं. मधली जागा भरायला माणूस लागतो, तो माणूस म्हणजे डीएम. खाली जे लिहितेय ते फिफ्थ एडिशन धरून लिहितेय कारण बरेचसे नवीन लोक तिथूनच सुरुवात करतात, पण तुम्ही दुसरी सिस्टीम खेळत असाल आणि तिथे डीएमला गेम मास्टर म्हणत असतील तरी पद्धत हीच चालते.

आणि पद्धतीचं सार आधीच सांगून टाकते: पुस्तकातला एकमेव खरा अर्थ शोधत बसू नका, प्लेअरला नक्की काय घडायला हवंय ते विचारा, आणि तेवढं त्या स्पेलच्या लेव्हलला (स्पेलची ताकद सांगणारी पायरी, पहिली ते नववी) झेपतंय का ते बघा. बाकीच्या पायऱ्या म्हणजे तिथपर्यंत पोचायचा रस्ता.

पायरी १: कुठलं पुस्तक चालू आहे ते पक्कं करा

२०१४ चं प्लेअर्स हँडबुक आणि २०२४ चं सुधारलेलं, दोन्हीत स्पेलची नावं बहुतेक तीच आहेत पण आतला मजकूर बऱ्याच ठिकाणी बदललाय, आणि टेबलवरचे निम्मे वाद एकाच्या फोनवर जुनं आणि दुसऱ्याच्या फोनवर नवीन उघडं असतं म्हणून होतात. चिल टच २०१४ मध्ये १२० फुटांवरून मारता यायचा, नावात टच असूनसुद्धा, २०२४ मध्ये खरंच हात लावावा लागतो. काउंटरस्पेल आधी तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा स्पेल सरळ बंद करायचा, आता समोरचा स्पेल टाकणारा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करतो, म्हणजे बचावासाठी फासा टाकतो. अदृश्य शत्रूचं तर विचारूच नका, २०१४ च्या नियमात सी इनव्हिजिबिलिटी टाकून तो तुम्हाला स्पष्ट दिसत असला तरी त्याच्यावर हल्ला करताना डिसअॅडव्हांटेज (दोनदा फासा टाकून कमी आकडा धरायचा, अॅडव्हांटेज म्हणजे याच्या उलट) राहायचाच, कारण इनव्हिजिबल या कंडिशनखाली ती ओळ वेगळी लिहिलेली होती आणि नियम लिहिणाऱ्या टीमच्या जेरेमी क्रॉफर्डनेसुद्धा हो, असंच आहे म्हणून सांगितलं होतं. लोक वैतागले होते, २०२४ मध्ये ते नीट केलं, आता अदृश्य असलेल्याला जो बघू शकतो त्याच्याविरुद्ध तो फायदा मिळत नाही.

म्हणून सेशन झिरोलाच (खेळ सुरू व्हायच्या आधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीला) सांगून टाका, आपण हे पुस्तक धरणार. पुस्तकं महाग पडत असतील तर एसआरडी (सिस्टीम रेफरन्स डॉक्युमेंट) डाउनलोड करा, गेमच्या प्रकाशक कंपनीने, विझार्ड्स ऑफ द कोस्टने, नियमांचा मूळ भाग त्यात फुकट दिलाय, २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली आहे, आणि या लेखातले बहुतेक सगळे स्पेल त्यात सापडतील. ते एकच पीडीएफ सगळ्यांच्या ग्रुपवर टाकून ठेवलं तरी बरंच काम होतं.

पायरी २: स्पेल मोठ्याने वाचा, पूर्ण वाचा

प्लेअरलाच वाचायला लावा. आठवणीतून सांगितलेला स्पेल आणि छापलेला स्पेल यात फरक असतोच, आणि बऱ्याचदा वाचता वाचता प्लेअरच म्हणतो, अरे नाही, हे होत नाहीये. वरच्या चार ओळी सोडू नका, कास्टिंग टाइम, रेंज, कंपोनंट्स, ड्युरेशन, त्यातच अर्धी उत्तरं असतात. काँसंट्रेशन लिहिलंय का? मग आधीचा काँसंट्रेशनवाला स्पेल गेला, असा एका वेळी एकच टिकतो.

मग मधले काही शब्द पकडायला शिका. क्रीचर लिहिलंय का ऑब्जेक्ट, का ह्युमनॉइड (माणसासारखा)? दिसणारा हवा असं म्हटलंय का? समोरचा तयार हवा असं आहे का? होल्ड पर्सन फक्त ह्युमनॉइडवर चालतो, त्यामुळे अस्वलावर टाकायचा प्रश्नच येत नाही, चर्चा संपली. टार्गेट करायला मधला रस्ता मोकळा लागतो, पूर्ण आडोशामागच्या माणसावर स्पेल टाकता येत नाही, हा सगळ्या स्पेलना लागू असलेला नियम आहे, प्रत्येक स्पेलखाली परत लिहिलेला नसतो. आणि सामान्य नियम एक म्हणत असेल आणि स्पेल स्वतः वेगळं म्हणत असेल तर स्पेलचं ऐकायचं, हे पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय.

पण शब्द पकडण्यालाही मर्यादा आहे, ती दाखवायला एक प्रसंग सांगते. २०१४ च्या पुस्तकात एल्ड्रिच ब्लास्ट फक्त क्रीचरवर मारता येतो. वॉर्लॉक खेळणारीने हे वाचलं आणि डंजनमधल्या पेटीसमोर उभी राहून म्हणाली, मी पेटीवर एल्ड्रिच ब्लास्ट मारते, गेला तर तो मिमिक (वस्तूचं रूप घेणारा मॉन्स्टर) आहे, नाही गेला तर खरी पेटी. नियमाच्या शब्दात बघायला गेलं तर तिचं बरोबरच आहे! पण असं मान्य केलं तर एक फुकटचा कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा साधा स्पेल) मिमिक शोधायचं मशीन होऊन बसतो, रोज, हवा तितक्या वेळा, आणि मिमिक या मॉन्स्टरची सगळी गंमतच ही की तो हलत नाही तोवर वस्तूसारखाच दिसतो. मी सांगितलं, बीम निघाला, लाकडावर आदळला, थोडा कोळसा झाला, पेटी हलली नाही. ती म्हणाली म्हणजे मिमिक नाही? मी म्हटलं ते तुझ्या कॅरेक्टरला कळायचा मार्ग नाही, बीम दोन्हीवर जातो. तिला पटलं, कारण तिच्या हातातून काहीच काढून घेतलेलं नव्हतं, उलट आता ती दारंही फोडू शकत होती. २०२४ च्या पुस्तकात एल्ड्रिच ब्लास्ट क्रीचर किंवा ऑब्जेक्ट दोन्हीवर चालतो असं लिहूनच टाकलंय, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच की क्रीचर हा शब्द वाचणाऱ्यासाठी लिहिलेला आहे, गेममधल्या जगाला तो शब्द माहीत नाही. ज्या अर्थाने नियमाचा शब्दच हत्यार बनतो तो अर्थ बहुतेक वेळा चुकीचा असतो. २०२४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्येही स्पष्ट म्हटलंय की नियम म्हणजे फिजिक्स नाही, आणि नियम वाचताना चांगल्या हेतूने वाचायचे.

पायरी ३: स्पेल गप्प असेल तर शेजारचा स्पेल बघा

आता ग्रीसकडे येऊ. स्पेल जे लिहिलंय ते करतो, त्याच्यापुढचं काही करत नाही, हा डीफॉल्ट धरा. ग्रीसमध्ये लिहिलंय की १० फूट बाय १० फूट जागा निसरडी होते, डेक्स्टेरिटी सेव्ह चुकला की माणूस आडवा. आगीचा उल्लेख नाही. आता वेब उघडा. वेबखाली सरळ लिहिलंय की जाळं पेटतं, आग लागलेला ५ फुटांचा तुकडा एका राउंडमध्ये जळून जातो आणि त्यात अडकलेल्याला २डी४ (चार बाजूंच्या दोन फाशांची बेरीज) फायर डॅमेज होतो. म्हणजे लिहिणाऱ्यांना जेव्हा एखादी गोष्ट पेटायला हवी असते तेव्हा ते तसं लिहितात, किती डॅमेज तेही लिहितात. ग्रीसमध्ये लिहिलं नाही म्हणजे ती पेटत नाही, आणि ती पहिल्या लेव्हलची, वेब दुसऱ्या लेव्हलचा, हिशेब जुळतो. २०२४ मध्ये तर ग्रीस पेटत नाही असं थेट लिहिलंय.

ही तुलना करायची सवय मला सगळ्यात जास्त कामाला आलीय. फायरबॉलने शत्रूचा झगा पेटला का? वाचा, अंगावर घातलेल्या किंवा हातात धरलेल्या नसलेल्या वस्तू पेटतात, म्हणजे झगा नाही, पण भिंतीवरचे पडदे हो, आणि ती दारूची पिंपंसुद्धा, तो भाग तुम्ही बिनधास्त रंगवा. हीट मेटलने माणसाच्या रक्तातलं लोखंड तापवता येईल का, हा प्रश्न प्रत्येक ग्रुपमध्ये एकदा तरी येतोच. स्पेलमध्ये घडवलेली धातूची वस्तू असं म्हटलंय, आणि ती दिसायला हवी, रक्त दोन्हीत बसत नाही. पण चिलखत घातलेल्या नाइटवर तो स्पेल भयानक चालतो, कारण जड चिलखत काढायला पाच मिनिटं लागतात आणि स्पेल एक मिनिटापर्यंत चालतो, म्हणजे स्पेल संपेपर्यंत तो दर राउंडला २डी८ खात राहतो, आणि हे सगळं छापलेल्या नियमातच आहे. प्लेअरला तिकडे वळवा.

नुसतं नाही म्हणून थांबू नका, हे नवीन डीएमना परत परत सांगावंसं वाटतं. ग्रीस पेटत नाही, पण तुझ्या बॅगेत तेलाची बाटली आहे ना? ती ओतली तर ५ फुटांची जागा पेटते, दोन राउंड जळते, आत येणाऱ्याला ५ फायर डॅमेज. प्लेअरच्या डोक्यात जे चित्र होतं, निसरडी जमीन आणि आग, ते तसंच्या तसं मिळतं, फक्त एक बाटली आणि एक अॅक्शन खर्च होते.

पायरी ४: "तुला नक्की काय व्हायला हवंय?"

हा प्रश्न तोंडात बसवून घ्या. प्लेअर बरेचदा पद्धत सांगतो, हेतू सांगत नाही, आणि आपण पद्धतीवर वाद घालत बसतो. हेतू कळला की बऱ्याचदा तिसराच सोपा मार्ग निघतो.

सजेशन हा याचा सगळ्यात चांगला नमुना. समोरच्याला सुचवलेली गोष्ट करायला लावणारा दुसऱ्या लेव्हलचा स्पेल, आठ तासांपर्यंत चालतो, २०१४ मध्ये म्हटलंय की सुचवलेली गोष्ट वाजवी वाटेल अशा शब्दात मांडायला हवी आणि उघड घातक काही सांगितलं तर स्पेल संपतो. वाजवी म्हणजे कुणाला वाजवी? सगळी मारामारी तिथे. समजा रात्रीची वेळ, वेशीवर एक पहारेकरी, बार्ड म्हणतो मी सजेशन टाकतो, "दार उघड आणि आम्हाला राजवाड्यापर्यंत सोडून ये." एक जण म्हणतो हा तर बार्डचा माणूस असल्यासारखा वागायला लागेल, दुसरा म्हणतो मॅजिक आहे बाबा, वागणारच.

इथे विचारा, तुला काय हवंय? बार्ड म्हणतो, आम्हाला गुपचूप आत जायचंय, एवढंच. मग त्याला सांगा की पहारेकऱ्याच्या जागेवरून बघ, मालकाशी गद्दारी करून अनोळखी माणसांना राजवाड्यात नेणं त्याला कुठल्याही शब्दात वाजवी वाटणं अवघड आहे, पण "इतका वेळ उभा आहेस, पलीकडच्या चौकीत जाऊन शेकोटीपाशी बसून ये, इथे काही होत नाहीये" हे थंडीत उभ्या असलेल्या माणसाला सहज पटेल. बार्डने तेच म्हटलं की विझडम सेव्ह मागा आणि पुढे चला. तुम्ही प्लेअरला शब्द सुधारू दिले यात काही चीटिंग नाही, कॅरेक्टर करिश्मा अठराचा बार्ड आहे, तो माणसांशी बोलण्यात तरबेज आहे, खेळणारा दिवसभर ऑफिस करून आलेला असतो.

वाजवीपणा ठरवताना त्या एनपीसीबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते वापरा. तोच पहारेकरी कर्जात बुडालेला असेल, वरिष्ठावर चिडलेला असेल तर दार उघडून बाजूला होणंही त्याला वाजवी वाटू शकतं, आणि प्लेअरने आधी त्याच्याशी गप्पा मारून हे काढून घेतलं असेल तर त्याचं फळ त्याला मिळालंच पाहिजे. २०२४ मध्ये शब्द बदलले, आता सुचवणं २५ शब्दांच्या आत हवं, जमण्यासारखं वाटायला हवं, आणि त्याला किंवा त्याच्या साथीदारांना उघड इजा होईल असं काही त्यात नको. हे जास्त मोकळं आहे, त्यामुळे २०२४ वाल्या टेबलवर थोडा हात सैल सोडा.

आणखी एक, सजेशनचं वाक्य म्हणजेच स्पेलचा मंत्र असं समजून बरेच जण चारचौघात टाकतात आणि कुणाला कळलं नाही म्हणतात. अधिकृत उत्तर असं आहे की मंत्र वेगळा आणि वाक्य वेगळं, म्हणजे शेजारी दुसरा पहारेकरी उभा असेल तर त्याला काहीतरी पुटपुटणं ऐकू येणारच. हे प्लेअरला टाकायच्या आधी सांगा, टाकून झाल्यावर नाही. त्याचं कॅरेक्टर वर्षानुवर्षं हे करतंय, त्याला माहीत असणार.

पायरी ५: लेव्हलने मोजा

कितीही वाचलं तरी काही वेळा दोन्ही अर्थ खरंच बरोबर वाटतात. तेव्हा मी एकच बघते, हा अर्थ घेतला तर हा स्पेल वरच्या लेव्हलच्या कुठल्या स्पेलचं काम करायला लागतो?

क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर. पहिली लेव्हल, ३० फूट रेंज, उघड्या भांड्यात १० गॅलन म्हणजे साधारण ३८ लिटर स्वच्छ पाणी. प्लेअर म्हणतो शत्रूच्या फुप्फुसात तयार करतो, बुडून मेला. फुप्फुस उघडं भांडं नाही, आणि बाहेरून तिथपर्यंत मोकळा रस्ताही नाही, शब्दावर बघितलं तरी हे बसत नाही. पण समजा प्लेअर वकिली करायला बसला, तोंड उघडं होतं वगैरे, तर एकच आकडा पुढे ठेवा. पॉवर वर्ड किल हा नवव्या लेव्हलचा स्पेल आहे आणि तोही १०० किंवा त्याहून कमी हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) असलेल्यालाच मारतो. पहिल्या लेव्हलच्या पाण्याने सेव्हशिवाय माणूस मरत असेल तर नवव्या लेव्हलच्या स्पेलसाठी कॅरेक्टर सतराव्या लेव्हलपर्यंत न्यायची मेहनत कोण कशाला करेल?

सजेशनलाही हेच माप. तुम्ही जे होऊ देताय ते डॉमिनेट पर्सनसारखं (माणसाला पूर्ण ताब्यात घेणारा स्पेल) दिसायला लागलंय का? तो पाचव्या लेव्हलचा आहे, एक मिनिटच टिकतो आणि मार बसला की परत सेव्ह मिळतो. दुसऱ्या लेव्हलचा स्पेल त्याच्या पुढे जाता कामा नये.

आकड्यांसाठी २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये नवीन स्पेल बनवायच्या भागात एक टेबल आहे, ते एका कागदावर उतरवून डीएम स्क्रीनच्या (तुमच्यासमोर उभ्या ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या) आत चिकटवा. पहिल्या लेव्हलला एकाच टार्गेटवर २डी१०, अनेकांवर २डी६. दुसऱ्याला ३डी१० आणि ४डी६. तिसऱ्याला ५डी१० आणि ६डी६. फायरबॉल ८डी६ करतो म्हणजे तो मुद्दाम जास्त ठेवलेला आहे, त्याला माप धरू नका, नाहीतर सगळेच स्पेल कमजोर वाटायला लागतील. स्पेलने झुंबर खाली पाडलं, भिंत ढासळवली अशा गोष्टींना त्याच पुस्तकात सुचवलेले आकडे आहेत, अंगावर पुस्तकाचं कपाट पडलं तर १डी१०, कोसळणाऱ्या बोगद्याच्या ढिगाऱ्याखाली आला तर ४डी१०. प्लेअरची आयडिया आवडली तर या आकड्यात बसवून हो म्हणा, जागेवर काहीतरी मोठा आकडा फेकू नका, पुढच्या सेशनला तोच आकडा परत मागितला जातो.

पायरी ६: इल्युजन आले की एनपीसीच्या डोक्यात शिरा

इल्युजनचे, म्हणजे भास उभे करणारे, स्पेल नवीन डीएमना सगळ्यात जड जातात कारण तिथे डॅमेज नसतो, फक्त समोरचा काय समजतो हे असतं, आणि ते तुम्हीच ठरवायचं असतं. दोन टोकं टाळा. एक टोक म्हणजे प्रत्येक पहारेकरी जन्मजात संशयी, लगेच तपासणी. असं केलंत तर प्लेअर दोन सेशनमध्ये इल्युजन टाकायचं सोडून देतो. दुसरं टोक म्हणजे सगळे मूर्ख.

मायनर इल्युजन घ्या. रोग क्लासच्या (लपूनछपून काम करणाऱ्या) कॅरेक्टरने कॉरिडॉरमध्ये ५ फुटी खोक्याचं चित्र उभं केलं आणि आत दबून बसला. पहारेकरी आले. नियम सांगतो की हात लावला की आरपार जातो म्हणून कळतं, नाहीतर अॅक्शन खर्च करून इन्व्हेस्टिगेशन चेक करावा लागतो. चालत जाणाऱ्या माणसाला फुकटचा चेक नाही, त्याच्याकडे संशय घ्यायला कारण हवं. म्हणून स्वतःला विचारा, हा कॉरिडॉर याच्या रोजचा आहे का? गोदामाबाहेरचा असेल तर एक खोकं जास्त दिसलं तर काय बिघडलं. राणीच्या खोलीबाहेर असेल तर तो थांबणार, बघणार.

मग रोग आतून बाण मारतो. त्याला बाहेरचं दिसतं का? चित्र आहे हे ज्याला माहीत आहे त्याला ते फिकट दिसतं, आणि त्यानेच केलंय, तेव्हा हो. बाण खोक्यातून आरपार आला म्हणजे बघणाऱ्याला कळलं, खेळ संपला. पहिल्या बाणाला अॅडव्हांटेज द्या, दुसऱ्याला नाही. आणि लढाईत एखाद्या शत्रूने तपासायला अख्खी अॅक्शन घालवली तर कँट्रिपने आपलं काम केलं असं समजा, प्लेअरला तसं बोलूनही दाखवा, नाहीतर त्याला वाटतं आपला स्पेल वाया गेला.

मायनर इल्युजनची मशाल उजेड देत नाही, चित्र असेल तर आवाज नाही, आवाज असेल तर चित्र नाही. हलणारं चित्र हवं तर सायलेंट इमेज, वास, आवाज, उष्णता हवी तर मेजर इमेज. परत लेव्हलचंच माप.

पायरी ७: निर्णय लवकर द्या, आजच्यापुरता द्या

एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊ नका. लढाई चालू असताना चार जण फोनवर सर्च करत बसले की सेशनचा जीव जातो, ऑनलाइन खेळत असाल तर अजूनच, कारण व्हॉइस चॅनलवर शांतता पसरते आणि लोक दुसऱ्या टॅबवर जातात. सरळ म्हणा, "आज असं धरू, सेशननंतर मी बघते." हे वाक्य म्हणताना आवाज ठाम ठेवा.

कॅरेक्टरच्या जिवावर बेतलेलं असेल आणि तुम्ही खरंच मध्ये अडकला असाल तर प्लेअरच्या बाजूने द्या. आणि तुमचा अर्थ त्याच्या अर्थापेक्षा वेगळा निघाला तर त्याला ती अॅक्शन मागे घेऊ द्या, त्या स्पेलसाठी खर्च झालेला स्लॉट परत द्या. त्याने वेगळं समजून निर्णय घेतला होता, त्याची शिक्षा स्लॉट जाण्यात नको.

निर्णय लिहून ठेवा. वहीत एक ओळ बास: "ग्रीस पेटत नाही. तेल ओतलं तर पेटतं." तारीख टाका. तीन महिन्यांनी तोच प्रश्न आला की तुम्हाला आठवणार नाही पण प्लेअरला शंभर टक्के आठवतं, आणि दोन वेगळे निर्णय दिलेत की विश्वास जातो, मग दर स्पेलला वाद. बदलायचाच असेल तर सेशनच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर बदला, लढाईच्या मधे नको.

जो निर्णय दिलाय तो मॉन्स्टरलाही लागू. हा फार उपयोगी प्रश्न आहे, कुणी फारच ताणायला लागलं की विचारा, हेच समोरच्या लिचने, म्हणजे जादूगार मॉन्स्टरने, तुझ्यावर केलं तर चालेल का? फुप्फुसातल्या पाण्याचा हट्ट तिथल्या तिथे सुटतो. विचारताना धमकी वाटू देऊ नका, खरंच विचारा, कारण कधीकधी अख्खं टेबल म्हणतं हो चालेल, मग ठीक आहे, तुमचा गेम तसा.

सेशननंतर

आता सावकाश शोधा. सेज अॅडव्हाइस ही ड्रॅगन मासिकातल्या जुन्या सदरापासून चालत आलेली प्रश्नोत्तरं आहेत, फिफ्थ एडिशनसाठी त्यांचं एकत्र केलेलं पीडीएफ फुकट मिळतं. जेरेमी क्रॉफर्डची जुनी ट्वीट्स सर्चमध्ये अजून वर येतात, पण २०१९ ला त्यानेच सांगितलं की ट्वीट म्हणजे अधिकृत निर्णय नाही, अधिकृत ते पीडीएफमधलं. म्हणजे कुणी स्क्रीनशॉट पुढे केला तर वाचा, विचारात घ्या, पण बांधील नाही आहात.

अधिकृत उत्तर आवडलं नाही तरी चालतं. गुडबेरी (जखम भरणाऱ्या बेरी तयार करणारा स्पेल) आणि लाइफ क्लेरिक (हीलिंग वाढवणारा क्लास) यांचं कॉम्बो बघा, २०१४ च्या नियमांनी पहिल्या लेव्हलच्या एका स्लॉटमध्ये १० बेरी, प्रत्येकी १ ऐवजी ४ हिट पॉइंट, मिळून ४०. सेज अॅडव्हाइसने हो म्हटलंय. काही डीएम बंद करतात. मला बंद करावंसं वाटत नाही, कारण एक बेरी खायला एक अॅक्शन जाते, लढाईत त्याचा फारसा उपयोग नाही, आणि त्यासाठी प्लेअरने मल्टिक्लास करून (एकाच कॅरेक्टरला दोन क्लास घेऊन) बाकीची प्रगती लांबवलेली असते. तुमच्या टेबलवर दुसराच कुणी हीलर असेल आणि त्याचं काम यामुळे उरतच नसेल तर माझंही उत्तर बदलेल. म्हणजे अधिकृत उत्तराच्या जोडीला टेबलवरची बाकीची माणसंही बघावी लागतात.

एखादा प्लेअर सेशननंतरही नाराज असेल तर त्याला वेगळा फोन करा, ग्रुपवर नको. त्याचं पूर्ण ऐका. बऱ्याचदा त्याला स्पेलचं फार नसतं, त्याने आठवडाभर विचार करून आणलेली आयडिया एका शब्दात गेली याचं असतं, आणि पुढच्या सेशनला त्या आयडियाला जागा करून देता येते.

विशबद्दल, म्हणजे हवी ती इच्छा मागायच्या स्पेलबद्दल, सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. नववी लेव्हल, तिथपर्यंत पोचायला कॅरेक्टर सतराव्या लेव्हलचं लागतं, तोवर तुमचा हात बसलेला असेल. आठव्या किंवा खालच्या लेव्हलचा कुठलाही स्पेल कॉपी करायला वापरला तर काही त्रास नाही, सरळ होऊ द्या. त्याच्या बाहेरची इच्छा असेल तर प्लेअरला वाक्य कागदावर लिहायला सांगा आणि दहा मिनिटांचा चहाचा ब्रेक घ्या. ब्रेकमध्ये त्याला एकट्याला गाठून तोच पायरी चारचा प्रश्न विचारा, मग परत येऊन जेवढं देताय तेवढं आणि त्याची जी काही किंमत लागणार असेल ती सगळ्यांसमोर सांगा, आणि वाक्य बदलायची एक संधी द्या.